आत्याला कल्याण दाखवताना

आजचा रंग पिवळा, हे रचनाने सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. नवरात्रात ठाण्यात रोजचा एक रंग असतो आणि त्या दिवशी बँकेतल्या मॅडमपासून भाजीवालीपर्यंत सगळ्या त्याच रंगात दिसतात, म्हणून आपणही पिवळं घालू. तरी हौसाआत्या खोलीतून बाहेर आली ती हिरव्यागार नऊवारीत, नथ घालून.

"आत्या, आज पिवळा आहे गं."

"आमच्या मॉरिशसला, कास्कावेलात, देवी माणूस बघते, रंग बघत नाही," आत्या म्हणाली. "आणि 'आहे गं' काय? थोरांशी बोलताना 'आहे हो' म्हणावं."

रचनाने आईकडे बघितलं. आई चहात बुडाली.

मॉरिशसच्या शाळांमधून आयुष्यभर मराठी शिकवलेल्या हौसाआत्याचा शब्द धोंडी घराण्यात शेवटचा होता. रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर गेलेल्या धोंडीबाचं नाव तिकडच्या कारकुनाने आडनाव करून टाकलं, तेव्हापासूनच्या पाच पिढ्यांत परत इकडे येऊन राहिलेली रचना पहिलीच. तीही फिजिओथेरपी शिकायला. चेंदणी कोळीवाड्यात मनुबाईंच्या माडीवरच्या खोलीत तिची चार वर्षं गेली होती. आता इंटर्नशिप संपत आली होती, आणि पप्पा, आई, आत्या तिला भेटायला आणि देश बघायला पहिल्यांदाच आले होते.

भेटायला, बघायला आणि न्यायला. पप्पांनी तिचंही परतीचं तिकीट आत्ताच बघून ठेवायला सांगितलं होतं.

रचनाला परत जायचं नव्हतं. म्हणजे कायमचं नाही असं नाही, पण आत्ता नाही. इथेच मास्टर्सची सीट मिळाली होती, अजून दोन वर्षांची. हे तिने फक्त आईला फोनवर सांगितलं होतं. आई आधी "छान, छान" म्हणाली होती, आणि मग, "पप्पांना एकदम नको सांगू. आधी आत्याला पटव. आत्याला पटलं की पप्पांना पटेल."

म्हणून आजची सहल. डोंबिवली, कल्याण, संध्याकाळी टेंभी नाक्याची देवी. प्रत्येक जागा आत्या विरघळावी म्हणून निवडलेली.

"खा गो बाय, खा," मनुबाई आत्याच्या ताटात घावन वाढत म्हणाल्या. "नवरात्र हाय, नाय तं तुमाना म्हावरां खिलवला असता. असा पापलेट तुमच्या बेटावर नाय गावायचा."

"आमच्याकडेही समुद्र आहे," आत्या ताठ बसून म्हणाली.

"तुमचा समुद्र दिसाया बरा. आमचा खायाला."

पप्पा हसले. ते कमी बोलत. त्यांचं मराठी आरत्यांपुरतं, जाखडीच्या गाण्यांपुरतं आणि घरातल्या चारदोन हाकांपुरतं. बाकी सगळा व्यवहार क्रिओलमध्ये. डोंगरउतारावर त्यांची अँथुरियमची नर्सरी होती आणि माणसांपेक्षा त्यांना रोपांशी बोलणं सोपं जायचं. आज त्यांनी निळा शर्ट घातला होता. पोटावर मोठा डोडो पक्षी.

"काका, शर्ट एकदम कडक," मनुबाईंचा मुलगा भावेश गाडीची किल्ली फिरवत म्हणाला. एरवी तो शाळेची मुलं ने-आण करायचा. सुट्टी लागल्यामुळे आज ती इको गाडी धोंडी कुटुंबाची होती. "बदक आहे ना?"

"डोडो," पप्पा म्हणाले.

"तेच ते."

डोंबिवलीपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे झालं. ज्या हॉस्पिटलात रचना इंटर्नशिप करत होती तिथे एका आजींनी गुडघा वर करून दाखवत "ही पोरगी नसती तर मी जिना विसरले असते" असं आत्याला सांगितलं. आत्याने मान डोलावली. फडके रोडवर एक निवृत्त मास्तर भेटले, त्यांनी आत्याशी अर्धा रस्ता अडवून व्याकरणावर गप्पा मारल्या. आत्याचे गाल गुलाबी झाले. रचनाने मागून आईचा हात दाबला.

कल्याणला मात्र घोटाळा सुरू झाला. दुर्गाडी किल्ल्यावर जत्रा होती. आत्याने फळवाल्यासमोर उभं राहून विचारलं, "ह्या सीताफळांचा भाव काय, महाशय?"

"कितना दूँ, मावशी?"

"मी मराठीत विचारते आहे."

"हां हां, मराठी चलेगा. कितना दूँ?"

मग पाळण्यावाल्याशी, मग पाणीपुरीवाल्याशी, मग एका कॉलेजच्या मुलीशी, जी "आंटी, एक फोटो क्लिक करू का? तुमचा लूक खूप ट्रॅडिशनल आहे" असं म्हणाली. आत्या गाडीत येऊन बसली ती तोंड फुगवून.

"आम्ही तिकडे मुलांना छड्या मारून मराठी जिवंत ठेवली," ती म्हणाली. "आणि इथे महाराष्ट्रात! रचना, तूही तशीच बोलायला लागली आहेस. काल तू त्या रिक्षावाल्याला काय म्हणालीस?"

"काही नाही. 'भैया, सरळ घ्या, टेन्शन नका घेऊ.'"

"ह्यातला मराठी शब्द कोणता?"

"'सरळ'," भावेश पुढून म्हणाला.

आई फसकन हसली. आत्याने तिच्याकडे असं बघितलं की ते हसू अर्ध्यात गिळावं लागलं. एका दुपारीत सगळं कमावलेलं गेलं होतं. तेवढ्यात गाडी फुलबाजाराजवळच्या कोंडीत अडकली. दोन्ही बाजूंना झेंडूचे डोंगर. पिवळे, केशरी, मधे शेवंती, पोत्यांवर पोती, आणि वर चढून ओरडणारी माणसं.

पप्पांनी काच खाली केली. मग दार उघडलं.

"दोन मिनिटं," ते क्रिओलमध्ये म्हणाले आणि उतरले.

त्यांचा फोन सीटवरच चार्जिंगला होता.

*

रचनाच्या आईला, लक्ष्मीला, आधी काळजी वाटली नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात हा माणूस तिला बाजारात उभी करून एका कुंडीमागे निघून गेला होता. परत आला तो कुंडी घेऊन. पण गाडी पुढे सरकली, भावेशने कशीबशी बाजूला लावली, आणि बराच वेळ झाला तरी झेंडूतून निळा शर्ट काही बाहेर येईना.

मग चौघंजण शिरली. रचना पुढे, भावेश तिच्या मागे, वन्संनी, म्हणजे हौसाबाईंनी, नऊवारीचा काष्टा आवळलेला, आणि लक्ष्मी सगळ्यांत मागे, दोन्ही हातांत कुणीतरी कोंबलेल्या वेण्या घेऊन.

"दादा, निळा शर्ट, पांढरे केस, उंच माणूस बघितलात का? पोटावर पक्षी?" रचना विचारत होती.

"कोंबडी?"

"नाही, जाडा पक्षी. चोच मोठी."

"गरुड असेल."

"अहो, उडतच नाही तो!"

लक्ष्मी मुलीला बघत होती. रचना पोत्यांवरून उड्या मारत होती, हमालाला "ए दादा, जरा जागा दे ना रे" म्हणत होती, एका बाईने "काय झालं गं?" विचारलं तर तिला थोडक्यात सांगून तिच्याच नवऱ्याला दुसऱ्या गल्लीत पिटाळत होती. कुणी तिला पाहुणी समजत नव्हतं. घरी असताना ही मुलगी दुकानात सुट्टे मागायलाही लाजायची.

आणि मग लक्ष्मीच्या मनात ते सगळं एकदम उसळलं. गेले कित्येक महिने ती दोन गुपितं सांभाळत होती. एक मुलीचं. एक नवऱ्याचं. दोघांनीही तिला शपथ घातली होती. रात्री धनेश तिला रंगाचे नमुने दाखवायचा आणि दिवसा रचना फोनवर प्रवेशाचं सांगायची, आणि लक्ष्मी दोघांनाही "छान, छान" म्हणायची. विमानात तिला झोप लागली नव्हती. आता नवराच हरवला होता. समजा, सापडलाच नाही तर? तर ते गुपित तिच्याच पोटात राहणार होतं.

"तुझ्यासाठी दवाखाना बांधलाय त्याने!" ती ओरडली.

रचना वळली. तिच्या केसांत झेंडूच्या पाकळ्या. "काय?"

"दवाखाना! घराच्या खाली! नर्सरीची शेड पाडून. मोठी खिडकी आहे, कपाटं आहेत, पाटीसुद्धा रंगवून आणलीय, 'रचना धोंडी' अशी. तुला दाराशी नेऊन दाखवणार होता. सरप्राइज!" आणि लक्ष्मी त्या फुलबाजारात भोकाड पसरून रडायला लागली.

"आई, पण तुला माहीत होतं ना मी..."

"हो, माहीत होतं!"

"तू काय?" हौसाबाईंचा आवाज आला. त्या दोघींच्या मधे येऊन उभ्या राहिल्या. "तू काय, रचना?"

रचनाने केसांतल्या पाकळ्या झटकल्या. "मी अजून दोन वर्षं इथे राहतेय, आत्या. मास्टर्स करायला. सीट मिळालीय."

हौसाबाईंनी एकदा भावजयीकडे, एकदा भाचीकडे बघितलं. त्यांचा चेहरा बघून भावेश हळूच एका पोत्यामागे सरकला.

"म्हणजे," त्या सावकाश म्हणाल्या, "भाऊ दवाखाना बांधतो, ते मला ठाऊक नाही. भाची देश सोडते, ते मला ठाऊक नाही. आणि ही मला डोंबिवलीला मास्तर दाखवते!"

"वन्सं, आम्ही तुम्हाला सांगणारच होतो..."

"केव्हा? बारशाला?"

"कुणाच्या बारशाला?" लक्ष्मी रडता रडता थांबून म्हणाली, आणि मग काय झालं कोण जाणे, तिला हसू फुटलं. तोंडावर वेणी धरून ती हसायला लागली. रचनाला वाटलं आई बेशुद्ध पडतेय, म्हणून ती धरायला धावली आणि तीही हसायला लागली. शेजारचा फुलवाला पाण्याची बाटली घेऊन आला. हौसाबाई काही हसल्या नाहीत. पण त्यांनी ती बाटली घेतली, आधी भावजयीला पाजली, आणि म्हणाल्या, "भांडण नंतर. आधी माझा धना शोधा."

तेवढ्यात भावेशने घरी फोन लावला होता. मनुबाईंचा आवाज स्पीकरवर आला. "आरं, रडताव कनाला? त्याला काय ठावं हाय ते सांगा मना. माजं घर ठावं हाय?"

"कोळीवाड्याचं नाव त्यांना उच्चारता येत नाही," रचना म्हणाली.

"मंग दुसरा कं ठावं हाय?"

रचना थांबली. सकाळपासून तिने पप्पांना एकच गोष्ट सतत घोकून सांगितली होती. "टेंभी नाका. संध्याकाळी टेंभी नाक्याला देवी बघायची."

"मंग तिथंच येल. माणूस हाय, कं मासा हाय वाहून जायाला? चला, मी पन येतंय तिथं."

चौकीत नोंद करून, भावेशच्या एका मित्राला बाजारात उभं करून ते ठाण्याकडे निघाले. वाटेत लक्ष्मीने बघितलं, हौसाबाईंनी रचनाचा हात मांडीवर घेऊन घट्ट धरला होता.

*

धनेश हरवला आहे हे धनेशला माहीत नव्हतं.

त्याने फक्त एक खोकं बघितलं होतं. झेंडूच्या डोंगरामागे एका गाळ्यात अँथुरियमची खोकी उभी रचलेली, उलटी, आणि लाल चकचकीत फुलं एकमेकांवर दाबून काळी पडायला लागलेली. त्याला ते बघवलं नाही. आत जाऊन त्याने पहिलं खोकं आडवं केलं. मग दुसरं. मग बादली ओढली, पाणी घातलं, कात्री मागितली.

"अरे, आले का तुम्ही!" पिवळ्या कुर्त्यातला एक तरुण धावत आला. "मी संदेश. सकाळपासून फोन लावतोय तुम्हाला. तळेगावचे ना? पॉलीहाऊसवाले?"

"मी कास्कावेल," धनेश नम्रपणे म्हणाला.

"तळेगाव, कासेगाव, कुठलेही असा. फुलं बघा ना कशी झालीत! कमान आज संध्याकाळी उभी करायचीय. चला, बसा, बसा."

'चला' आणि 'बसा' हे दोन शब्द धनेशला येत होते. माणूस बाजाराच्या तोंडापर्यंत सोडतोय, असं त्याला वाटलं. तो टेम्पोत चढला. खाली झेंडू, बाजूला झेंडू, मांडीवर बादली. टेम्पो बाजाराच्या तोंडाशी आला आणि थांबला नाही.

"कुठं?" त्याने ओरडून विचारलं.

"टेंभी नाका!" संदेश पुढून ओरडला.

धनेशने सुटकेचा श्वास सोडला. हे नाव तर त्याला पाठ होतं. सगळे तिथेच येणार होते. आणि गाडीतल्या त्या हिरव्या नऊवारीतल्या रागापेक्षा हा टेम्पो फार बरा होता. खाडीवरून वारा आला, पाकळ्या उडाल्या, मागच्या दोन पोरांनी ढोलकीवर बोटं वाजवायला घेतली, आणि धनेशला इतकं मोकळं वाटलं की त्याने आजोबांची जाखडी म्हणायला सुरुवात केली. पोरांना शब्द अर्धेच कळले, पण ठेका कळला. सिग्नलला बाजूच्या बसमधल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

नाक्याजवळच्या रस्त्यावर बांबूची कमान होती. ती सजवताना धनेश सगळ्यांचा साहेब झाला. कसं, ते त्यालाही कळलं नाही. तो हात करायचा, पोरं फुलं द्यायची. झेंडूच्या भिंतीत लाल अँथुरियमची नक्षी उमटायला लागली तसा संदेश त्याला "अण्णा" म्हणायला लागला. अंधार पडला, दिवे लागले, खाली पिवळ्या साड्यांचा पूर आला. धनेश शिडीच्या टोकावर होता. बायको, मुलगी, बहीण कुठे दिसतात का म्हणून तो मधून मधून बघायचा, पण खाली सगळंच पिवळं.

लाउडस्पीकरवरची आरती थांबली आणि एका मुलीचा आवाज आला.

"जरा लक्ष द्या प्लीज. हॅलो, येतोय का आवाज? हां. माझे पप्पा हरवलेत. म्हणजे कल्याणला हरवलेत, पण इथे येतील असं आम्हाला वाटतंय."

गर्दी हसली. ती मुलगीही हसली. धनेशने फूल खोवता खोवता ऐकलं. काय गोड, सोपं बोलते ही पोर, त्याला वाटलं, मलासुद्धा बरंच कळतंय. अजिबात अडखळत नाही. हिचा बाप असा कसा हरवला? असल्या मुलीचा हात सोडतो कोण?

"उंच आहेत, केस पांढरे. निळा शर्ट आहे आणि शर्टावर डोडो आहे. बदक नाही, गरुड नाही, कोंबडी पण नाही. मराठी थोडंच येतं त्यांना. घाबरले की क्रिओल बोलतात, तेव्हा शिवी देतायत असं वाटेल, पण ते देत नाहीत, फार साधे आहेत. कुणी त्यांना ओरडू नका. कुणाला दिसले तर मंडपाजवळ आणा, त्यांची मुलगी इथे उभी आहे."

धनेशचा हात थांबला. त्याने खाली आपल्या पोटाकडे बघितलं. डोडो त्याच्याकडे बघत होता.

ही त्याची मुलगी होती. पाळण्यात असल्यापासून ओळखीचा तो आवाज त्याने ओळखला नव्हता. त्याला वाटलं होतं, ठाण्याचीच कुणी पोर. शिडी हलल्यासारखी वाटली म्हणून त्याने बांबू धरला. छातीत काहीतरी फार जड होतं आणि त्याच वेळी फार हलकंही, आणि ते अभिमानाचं की दुसरं कशाचं, हे त्याला ठरवता येईना.

मग स्पीकरवर ती भाषा बदलली. टेंभी नाक्यावर, हजारो माणसांच्या डोक्यावरून, क्रिओल घुमलं.

"पापा! कोत उ एते?" कुठे आहात तुम्ही?

"इसी!" धनेश शिडीवरून जिवाच्या आकांताने ओरडला. "मो इसी!" मी इथे आहे!

"काय झालं, अण्णा?" संदेश खालून घाबरून म्हणाला. "काही चुकलं का?"

*

रचना गर्दीतून वाट काढत आली तेव्हा पप्पा शिडीच्या शेवटच्या पायरीवर होते आणि डोक्यापासून पायापर्यंत झेंडूने माखलेले. ती त्यांच्या गळ्यात पडली. मग तिने त्यांना एक चापट मारली. मग पुन्हा गळ्यात पडली.

"फोन का नाही घेतलात? आई रडून रडून..."

मागे ढोल सुरू झाला. काहीच ऐकू येईना.

"काय?" पप्पा ओरडले.

"आई रडली!"

"मला वाटलं, तू इथेच येणार!"

"मला दवाखान्याचं कळलं!"

"काय?"

"दवाखाना!" रचना जीव खाऊन ओरडली. "खोली! पाटी! आईने सांगितलं!"

पप्पांनी आईकडे बघितलं. आईने पदर तोंडावर घेतला. रचनाला वाटलं, आत्ता नाही सांगितलं तर कधीच सांगता येणार नाही. तिने दोन्ही हातांचा भोंगा केला.

"पप्पा, मला अजून दोन वर्षं इथे राहायचंय! मास्टर्स करायचंय! सीट मिळालीय!"

नेमका त्याच क्षणी ढोल थांबला. शेवटचे दोन शब्द सगळ्या रस्त्याने ऐकले.

"अभिनंदन!" गर्दीतली एक बाई म्हणाली. चारपाच जणांनी टाळ्या वाजवल्या. पप्पा हसले नाहीत.

"खिडकी पूर्वेला ठेवलीय," ते क्रिओलमध्ये हळू म्हणाले. "सकाळी ऊन यावं म्हणून. पेशंटना बरं वाटतं, तूच म्हणाली होतीस."

रचनाच्या डोळ्यांत पाणी आलं. आईने तिच्या खांद्यावर हात ठेवला, मग तोच हात काढून पप्पांच्या खांद्यावर ठेवला, मग कुठे ठेवावा हे न कळून तशीच उभी राहिली.

"खोली रिकामी राहणार नाही," आत्या म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. नथ वाकडी झालेली, हिरवी नऊवारी पिवळ्या गर्दीत एकटीच उठून दिसणारी. तिच्या शेजारी मनुबाई येऊन उभ्या होत्या.

"दोन वर्षं मी तिथे वर्ग घेते. मराठीचे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझा जीव कशात लागत नाही. दोन वर्षांनी ही आली की मी खडू उचलून बाहेर."

"आत्या, पण दुपारी तू माझ्या मराठीला..."

"तुझं मराठी भयंकर आहे," आत्या म्हणाली. "पण आज बापाला शोधायला तेच धावलं. माझ्या मराठीला एक सीताफळसुद्धा आणता आलं नाही."

"असा बोला," मनुबाई म्हणाल्या. "आनी वर्गात चार शब्द आमचे पन शिकवा."

"शिकवीन. 'म्हावरां' मला आवडला."

"ताई," पप्पा म्हणाले. एवढंच. मान खाली घालून ते बोटांवरचा चीक पुसत राहिले. ताई त्यांच्या बाजूने बोलेल, असं ते जन्मभर धरून चालले होते. आज ती बाजू बदलून मुलीकडे गेली होती आणि लक्ष्मी तर कधीपासून तिथेच होती.

"मला विचार करू दे," ते शेवटी म्हणाले.

"अण्णा!" कमानीखालून संदेश ओरडला. "सॉरी हां, पण डावी बाजू राहिली! आरती सुरू होईल!"

पप्पांनी एकदा कमानीकडे बघितलं, एकदा आपल्या माणसांकडे, आणि शिडी चढायला लागले. भावेशने शिडी धरली. आत्याने चप्पल काढली, काष्टा पुन्हा आवळला आणि फुलं निवडायला बसली. रचना बादली घेऊन खाली उभी राहून एकेक फूल वर देऊ लागली. हात वर, फूल, हात खाली.

"तो उजेड कसला?" पप्पांनी वरून क्रिओलमध्ये विचारलं.

"तलावाकडचा. मासुंदा तलाव. उद्या नेते."

"आणि तिकडची ती रांग?"

"देवीच्या दर्शनाची. ती पार वळून मागच्या रस्त्याला जाते."

"तुझं कॉलेज कुठल्या बाजूला?"

रचनाने हात करून दाखवलं. पप्पांनी शिडीवर वळून त्या दिशेला नीट बघितलं. इमारतींशिवाय काही दिसत नव्हतं, तरी ते बघत राहिले.

"सगळं नीट सांगून ठेव मला," ते म्हणाले. "रस्ते, नाके, सगळं. पुढच्या नवरात्रात गावाकडच्या तुझ्या साईनाथकाकाला घेऊन येऊ, तेव्हा तुला परीक्षा असेल. मी दाखवीन त्याला."

आईच्या हातातली शेवंतीची टोपली खाली पडली. ती उचलायला कुणी वाकलं नाही. आत्या आईला, आई मनुबाईंना आणि मनुबाई भावेशला मिठी मारत होत्या, शिडी हेलकावे खात होती आणि वरून पप्पा क्रिओलमध्ये ओरडत होते की कुणीतरी ती धरा.